रनटाइम एरर २००: बाबांचा १९९४ चा सापशिडीचा गेम डॉसबॉक्समधे उघडतच नाहीये

नीराकाठ
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. बाबांनी १९९४ साली कॉम्प्युटर क्लास केला होता, तिथे प्रोजेक्ट म्हणून टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत सापशिडी लिहिलेली, आकडे मराठीत, एकेक रेघ मारून काढलेले. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत त्याच्या दोन साडेतीन इंची फ्लॉप्या सापडल्या. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला आणि पहिली चक्क वाचली गेली!! त्यात नुसती इएक्सई (चालवायची तयार फाइल) आहे. दुसरीवर सोर्स (बाबांनी लिहिलेला मूळ कोड) असेल असं बाबा म्हणतात पण तिच्यावर पांढरे ठिपके दिसतायत म्हणून अजून घातली नाही.

प्रॉब्लेम असा की डॉसबॉक्समधे (जुने डॉसचे प्रोग्रॅम आजच्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर, व्हर्जन ०.७४) गेम चालू केला की लगेच रनटाइम एरर २०० आणि परत सी प्रॉम्प्ट. शोधलं तर म्हणे शून्याने भागाकार, पण बाबा म्हणतात मी आख्ख्या गेममधे भागाकार केलेलाच नाहीये, फासा टाकायचा आणि सोंगटी पुढे न्यायची एवढंच. एका व्हिडिओत बघून सायकल्स (डॉसबॉक्सचा वेग) मॅक्स करून ठेवलंय, गेम अडकू नये म्हणून. त्याचा काही संबंध असेल का? पुढच्या आठवड्यात बाबांचा पासष्टावा वाढदिवस आहे, त्याच्या आत चालला तर फार बरं होईल.

आणि अजून एक, प्रिन्स ऑफ पर्शिया लावून बघितला, तो चालतो पण प्रिन्स बुटका नि जाडा दिसतो. लहानपणी असा नव्हता.

टर्बोचं_बटण
बाबा बरोबर आहेत, भागाकार त्यांनी नाही केला, त्यांच्या प्रोग्रॅमला जोडलेल्या सीआरटी युनिटने (टर्बो पास्कलसोबत मिळणारा तयार कोड) केलाय. स्क्रीन पुसणं, डीले, आवाज हे सगळं त्या युनिटमधे असायचं त्यामुळे जवळपास प्रत्येक गेममधे ते घेतलेलं असतं. आता बघा, डीले द्यायचा तर मशीन किती फास्ट आहे ते आधी कळायला हवं, म्हणून बाबांची पहिली ओळ चालायच्याही आधी ते युनिट घड्याळाच्या एका टिकमधे, म्हणजे साधारण ५५ मिलीसेकंदात, रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजतं आणि त्या आकड्याला ५५ ने भागतं. उत्तर १६ बिटांत बसलं पाहिजे, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. मशीन खूप फास्ट असेल तर उत्तर त्यात मावतच नाही, आणि इंटेलच्या प्रोसेसरला शून्याने भागलं काय नि उत्तर मावलं नाही काय, दोन्हीला एकच इंटरप्ट (प्रोसेसरचा 'थांबा' असा इशारा), पास्कल त्यालाच २०० म्हणतं. हे डॉसबॉक्समुळे आलेलं दुखणं नाहीये, साधारण २०० मेगाहर्ट्झचे पेंटियम आले तेव्हा खऱ्या मशीनवरही टर्बो पास्कल ७ चे चांगले चालणारे प्रोग्रॅम असेच पडायला लागले होते.

तर मॅक्स काढा. कॉन्फिग फाइलमधे सायकल्सच्या पुढे फिक्स्ड ५००० लिहा. ढोबळमानाने ३८६ (इंटेलचा जुना प्रोसेसर) च्या आसपासचा वेग मिळतो, क्लासमधे तेव्हा असंच काहीतरी असणार. या एररसाठी इएक्सईला पॅच मारायची टूल्स मिळतात पण तुम्हाला गरज नाही, मूळ फाइलला हातच लावू नका, कॉपीवरच खेळा.

नीराकाठ
एरर गेली!!! खूप खूप आभार. पण आता दुसरंच आलं, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बीजीआय एरर, ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड असं काहीतरी येतं.

पाटीपेन्सिल
ही पुढची पायरी, घाबरू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर इएक्सईच्या आत नसायचा, वेगळी फाइल असायची, ईजीएव्हीजीए नावाची, एक्स्टेन्शन बीजीआय. प्रोग्रॅममधे ग्राफिक्स सुरू करताना त्या फाइलचा पत्ता द्यावा लागायचा आणि नव्वद टक्के पोरं क्लासमधल्या मशीनचाच पत्ता लिहून मोकळी व्हायची, सी ड्राइव्ह, टीपी फोल्डर, त्यात बीजीआय. त्या मशीनवर चालायचं, घरी आणलं की हेच रडगाणं. मी स्वतः दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकलला गेलो तेव्हा ह्याच एररपायी अर्धा तास गेला होता.

इएक्सईची कॉपी नोटपॅडमधे उघडा, कचरा दिसेल पण त्यात बीजीआय शब्द शोधा, पत्ता सरळ अक्षरांत लिहिलेला सापडेल. सेव्ह मात्र करू नका, फाइल बिघडेल. मग डॉसबॉक्समधे जो फोल्डर सी म्हणून माउंट करता त्याच्या आत अगदी तसेच फोल्डर बनवा आणि ती फाइल तिथे ठेवा. बाबांच्या फ्लॉपीवर नसेल तर टर्बो पास्कलच्या कुठल्याही जुन्या कॉपीत मिळेल.

बुरशीवाला_पाऊस
गेमवाल्यांनी सांगितलंच आहे, मी फ्लॉपीचं बोलतो कारण आमच्याकडे कोकणात चार महिने दमट, अशा शेकड्याने पाहिल्यात. दुसरी फ्लॉपी अजिबात ड्राइव्हमधे घालू नका. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, ती ड्राइव्हच्या आतल्या, डिस्क वाचणाऱ्या हेडला चिकटते, मग डिस्कवर गोल चरा पडतो तिथला डेटा कायमचा गेला, आणि त्याच घाण हेडवर तुम्ही पहिली चांगली फ्लॉपी घातलीत तर तीही जाईल. पत्र्याचं शटर बोटाने सरकवून धरा, मागची धातूची चकती हळूहळू फिरवत तपकिरी डिस्क उजेडात बघा, दोन्ही बाजूंनी. आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीला लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग घाला.

त्याआधी दोन्ही फ्लॉप्यांची कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही. आणि फायली कॉपी करत बसू नका, आख्ख्या फ्लॉपीची इमेज (हुबेहूब नक्कल, एकाच फाइलमधे) काढा. पोरांनी डिलीट केलेली जुनी व्हर्जन्सही कधीकधी इमेजमधून निघतात.

टर्बोचं_बटण
प्रिन्सचं राहिलंच. तो ३२० बाय २०० मधे काढलेला आहे आणि जुन्या ट्यूबच्या मॉनिटरवर ते चित्र ताणून चारास तीन प्रमाणात दिसायचं, म्हणजे एकेक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. आपले आजचे पिक्सेल चौकोनी, त्यामुळे तोच माणूस चेपल्यासारखा दिसतो. कॉन्फिगमधे आउटपुट ओपनजीएल करा आणि अ‍ॅस्पेक्ट ट्रू करा, ०.७४ मधे ते आपणच चालू करावं लागतं. चित्र काढणाऱ्याने ती उंची धरूनच काढलेलं आहे, तेव्हा हे करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. सापशिडी जर ६४० बाय ४८० मधे असेल तर तिला काहीच फरक पडणार नाही, तिथे ठिपके मुळातच चौकोनी.

नीराकाठ
चालला. काल रात्री. पत्ता पाटीपेन्सिल म्हणाले तोच निघाला, अक्षर न् अक्षर.

पण सोंगटी ३४ वरून शिडीने वर जायची ती दिसायचीच नाही, एकदम वरच. बाबांना वाढदिवसाला दाखवणार होते पण राहवेना, बोलावलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले अगं मी तिथे डीले नाही वापरलेला, रिकामा फॉर लूप टाकलाय, वीस हजारापर्यंत मोजायचा. मग आम्ही शेजारी बसून कंट्रोल एफ११ दाबत दाबत वेग खाली आणला. माझ्या मते ३००० ला बरोबर होतं पण बाबा कानाने ठरवत होते, साप गिळतो तेव्हा जो आवाज येतो त्याची लांबी. हळू, अजून हळू, आता थांब. १८०० ला थांबलो. आवाजाची पट्टी आधीपासून बरोबरच होती, फक्त लवकर तुटत होता, असं का?

टर्बोचं_बटण
पट्टी टायमरच्या चिपवर ठरते, तिला प्रोसेसरच्या वेगाशी देणंघेणं नाही. आवाज बंद कधी करायचा ते त्या रिकाम्या लूपवर ठरत होतं, म्हणून लांबी बदलली. १८०० म्हणजे साधारण २८६ नाहीतर मंद ३८६ एसएक्स, विचारा बाबांना क्लासमधे काय होतं.

नीराकाठ
विचारलं. ३८६ एसएक्स, दोघांत एक, आणि बाबांची पाळी संध्याकाळी सहा ते सात. आज अल्कोहोल आणलंय, दुसरी फ्लॉपी पुसून उद्यापर्यंत सुकत ठेवलीय. वाचली गेली तर सोर्स इथेच टाकते, बाबांनी हो म्हटलंय.