एएफएमची सुई: मऊ म्हणजेच हळुवार का?

सुईवाली: एएफएम म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप: कँटिलिव्हर नावाच्या लवचिक पट्टीच्या टोकाची सुई नमुन्यावरून फिरवून चित्र काढणारं यंत्र. परवा एक विद्यार्थी वैतागून आला. अभ्रकावरचा डीएनए पहिल्या स्कॅनमध्ये छान दिसतो, दुसऱ्यात झाडू मारल्यासारखा कडेला. आमच्याकडचं ठरलेलं उत्तर: "आणखी मऊ कँटिलिव्हर मागव." मला हे उत्तरच पटत नाही. मऊपणासाठी पट्टी लांबवली की ती पाण्यात वल्ह्यासारखी पाणी ढकलत बसते. आणि बलमापनातला नॉइज शेवटी ठरतो तो या पाण्याच्या विरोधावर, स्प्रिंग कॉन्स्टंटवर (पट्टीच्या कडकपणावर) नाही.

पट्टी लहान करा की! लांबी आणि जाडी दोन्ही निम्मी केली तर कडकपणा तेवढाच राहतो, कंपनाची वारंवारता दुप्पट होते. चढ आलाय हे फीडबॅकला (सुईचा दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेला) लवकर कळतं, धक्का कमी बसतो. कानाझावाच्या तोशिओ आंदोंच्या गटाच्या पट्ट्या जेमतेम ६ ते १० मायक्रॉन लांब. २०१० मध्ये त्यांनी मायोसिन-५ हा चालणारा प्रथिन-रेणू ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यावरून पावलं टाकताना टिपला. सुई वरून फिरत होती, तरी गडी चालतोच आहे!

खडूस_ऑपरेटर: कागदावर झकास. पट्टी किती वाकली ते तिच्या पाठीवरून परतलेल्या लेझरवरून कळतं, आणि आमच्या यंत्राच्या लेझरचा ठिपका ३० मायक्रॉनचा. तुमच्या इवल्याशा पट्टीवर टाकला तर बहुतेक प्रकाश खाली नमुन्यावर सांडेल. मग काय, नवं मशीन घ्यायचं? आणि झाडू मारते ती सुई नाही, मारतो तो माणूस. ०.०६ न्यूटन प्रति मीटरची पट्टी १० नॅनोमीटर जास्त वाकवली की ६०० पिकोन्यूटन झाले. सकाळी लावलेला सेटपॉइंट (सुईने किती दाबायचं तो आकडा) दुपारी तपासतो कोण?

सुईवाली: पण तो सरकतो कशामुळे, सांगा ना. पट्टीच्या पाठीवर लेझर परतवायला सोन्याचा मुलामा. सोनं आणि पट्टीचं सिलिकॉन नायट्राइड सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे खोलीचा एसी चालू-बंद झाला तरी पट्टी वाकते. अमेरिकेतल्या बोल्डरच्या जिला या संशोधन संस्थेत थॉमस पर्किन्स यांच्या गटाने सोनं उतरवून हा ड्रिफ्ट (हळूहळू सरकणं) खूपच खाली आणला. म्हणजे तुम्ही ज्याला ऑपरेटरची चूक म्हणता, ती निम्मी तरी सुईच्या घडणीत आहे.

निर्वात: तुम्ही दोघंही मऊ पट्टी धरूनच बोलताय. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गीसिबल यांचा क्यूप्लस सेन्सर बघा: पट्टीऐवजी क्वार्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (नादकाटा), १८०० न्यूटन प्रति मीटर! २००९ मध्ये आयबीएम झुरिकने टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू लावून अशाच सेन्सरने पेंटासीन या रेणूची पाचही कार्बन-कडी दाखवली. मऊ पट्टी जवळ जाताच पृष्ठभागावर झेप घेते. कडक असेल तर अँगस्ट्रॉमच्या अंशाएवढं कंपन ठेवून जागच्या जागी राहते. हळुवारपणा तो हाच.

खडूस_ऑपरेटर: आणि तेही ५ केल्विनला, निर्वातात. आमच्या पेशींना तिथे कोण नेणार? गोठून दगड होतील. ते राहू द्या. सुईवालीताई, सोनं तुम्ही स्वतः उतरवलंय का कधी?

सुईवाली: हो, आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात. परावर्तन बरंच घटतं, पण फोर्स कर्व्हला (बलाच्या आलेखाला) पुरलं. चिमट्याने धरताना दहाच्या पेटीतल्या तीन मोडल्या.

खडूस_ऑपरेटर: तीन! सेटपॉइंट मी फुकटात कमी करतो.