बातमी खरी की खोटी, हे तुम्ही कसं ठरवता?

सांजवारा

घरी एक प्रकार घडला, म्हणून विचारतेय. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिच्या फोनवर मेसेज आला, 'या गोळीने कॅन्सर होतो, परदेशात बंदी आली'. सोबत निळ्या पाकिटाचा फोटो आणि एक लिंक. आईने कुणालाही न विचारता गोळी सोडली. रक्तदाब चढला तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, आता ती ठीक आहे.

नंतर मी ती बातमी शोधली तर गोंधळ आणखी वाढला. एकीकडे 'बंदी', दुसरीकडे 'माल परत मागवला', तिसरीकडे 'घाबरू नका'. तिन्ही नावाजलेल्या साइट. मी दिवसभर येता-जाता मथळे बघते, रात्री बातम्या लावते, म्हणजे माहितीला तोटा नाही. पण विश्वास कशावर ठेवायचा, याची माझ्याकडे काही रीतच नाही. तुम्ही काय करता? 'कुणावरच विश्वास ठेवू नका' असं कृपया सांगू नका. मला उद्या आईला काहीतरी ठाम सांगायचं आहे.

रात्रपाळी

मी बरीच वर्षं बातम्यांच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून मथळे देण्याच्या कामात काढली, बहुतेक रात्रीची. तुम्ही म्हणता ती बातमी मला ओळखीची वाटते. जुलै २०१८ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आणि पाठोपाठ अमेरिकेच्या एफडीएने वाल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाबद्दल सूचना काढली होती. चीनमधल्या एका उत्पादकाच्या कच्च्या मालात एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली होती आणि तिच्यामुळे कर्करोग होऊ शकतो असं मानलं जातं. म्हणून तो कच्चा माल वापरणाऱ्या ठरावीक कंपन्यांच्या गोळ्या परत मागवल्या. औषधावर बंदी आली नव्हती. आणि एफडीएने तेव्हाच रुग्णांना स्पष्ट सांगितलं होतं की बदली औषध हातात येईपर्यंत चालू गोळी थांबवू नका. मेसेज करणाऱ्याने नेमकं हेच गाळलं. तारीखही गाळली. माझ्या मते तारीख कापलेली जुनी बातमी ही निव्वळ थापेपेक्षा घातक, कारण शोधायला गेलं की तिचा काही भाग खरा निघतो आणि माणूस उरलेल्यावरही विश्वास ठेवतो.

आता रीत. डेस्कवर कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, आली की मी आधी डेटलाइन आणि क्रेडिट बघायचो. बातमी कुठून निघाली, कुणी दिली, कधीची. मग एकेक वाक्य घेऊन विचारायचं, हे कोण म्हणतंय? 'रुग्णालयाच्या अधीक्षकांनी सांगितलं' हे एक. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे दुसरं, त्यात निदान बातमीदाराने कुणाशी तरी बोलल्याचा दावा असतो. 'अशी चर्चा आहे' हे तिसरं, आणि ते मी सरळ कापायचो. वाचकालाही हे जमतं. बातमी वाचताना ज्याला कुणी धनी नाही ते मनातल्या मनात खोडत चला आणि शेवटी काय उरतं ते बघा.

तीन साइटवर आली म्हणजे तीन जणांनी खातरजमा केली, असंही नसतं. रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्थांची एकच कॉपी असंख्य ठिकाणी लागते. मथळा मात्र ज्याचा त्याचा, आणि तो बहुधा बातमीदाराने नाही, डेस्कने दिलेला असतो. तुमच्या 'बंदी' आणि 'परत मागवला' या दोन्हींखाली एकच मजकूर असू शकतो. दोन्ही पानं उघडून पहिला परिच्छेद ताडून पाहा.

नाव मोठं असलं तरी सावध राहावं लागतं. २३ एप्रिल २०१३ ला एपीचं ट्विटर खातं हॅक झालं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट होऊन ओबामा जखमी झाल्याची ओळ गेली. काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजाराचा डाउ जोन्स निर्देशांक सुमारे १४० अंकांनी घसरला. लगेच खुलासा झाला, बाजारही सावरला. पण एवढी मोठी घटना आणि फक्त एकाच ठिकाणी, असं दिसलं की डेस्कवरचा माणूस हात आवरतो. तुम्हीही आवरा.

आणि एक. कुठली साइट चांगली हे ठरवायला मी तिच्या दुरुस्त्या बघतो. काय चुकलं होतं ते लिहून दुरुस्ती छापणाऱ्यावर माझा भरवसा बसतो. गुपचूप मजकूर बदलणाऱ्यावर नाही.

पानगळ

फोटोचं सांगते. पाण्याखाली गेलेल्या हायवेवर पोहणारा शार्क आठवतोय? २०११ च्या आयरीन वादळात तो फिरला, पुढे २०१७ च्या हार्वीतही. शार्क मुळात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातल्या एका फोटोतून उचललेला. गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये फोटो टाकला की तो आधी कुठे कुठे आलाय ते दिसतं. औषधाचं असेल तर फोटोवर जाऊच नका. परत मागवल्याच्या सूचनेत कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असतात, ते हातातल्या पाकिटाशी जुळवा.

उंबरठा

रात्रपाळी यांचं सगळं पटलं, पण नोकरी-संसार सांभाळून प्रत्येक बातमीला हे कोण करणार? मी उलट्या बाजूने सुरुवात केली. नोटिफिकेशन पूर्ण बंद, आणि रात्री एकदाच, बसून, दोन ठिकाणी वाचायचं. सकाळी उडालेली निम्मी खळबळ तोवर खाली बसलेली असते. २०१८ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा ट्विटरवरचा अभ्यास आला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि दोष बॉटचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांचा नव्हता, माणसांचाच होता. खोट्यात नवलाई जास्त असते. म्हणून वाचून छातीत धस्स झालं की मी तो मेसेज तासभर पुढे पाठवत नाही.

सांजवारा

तुमचे प्रतिसाद वाचून आईजवळ बसले आणि तिचं पाकीट हातात घेतलं. त्यावर ॲम्लोडिपिन लिहिलंय! वाल्सार्टनशी त्याचा संबंधच नाही, फक्त रंग तोच. तिला दोन्ही नावं मोठ्या अक्षरात लिहून दाखवली. ती म्हणाली, 'अगं, पण जिने पाठवलं ती माझ्या काळजीपोटीच पाठवते.' तेही खरंच आहे. तिच्या मैत्रिणीला न दुखावता हे कसं सांगू? ग्रुपवर लिहू का?

रात्रपाळी

ग्रुपवर नको, चारचौघांत कुणालाही लागतं. आईलाच फोन करू दे, आणि आजच. ती मैत्रीणही रक्तदाबाची गोळी घेत असेल तर मेसेज वाचून तिनेही बंद केली असेल. आधी ते विचारा.