स्प्रिंटच्या आदल्या दिवशीच्या कार्यशाळेत नवख्यांना नेमके काय शिकवावे?

प्रश्न

आम्ही काही जण नाशिकमध्ये दर वर्षी एक दिवसाचा स्प्रिंट भरवतो. म्हणजे दिवसभर एकत्र बसून पायथनमधल्या एखाद्या चालू मुक्तस्रोत प्रकल्पात प्रत्यक्ष काम करतो. नवख्यांसाठी आदल्या दिवशी, शनिवारी, तीन तासांची कार्यशाळा असते. फोर्क (प्रकल्पाची आपल्या खात्यात प्रत घेणे), क्लोन (ती लॅपटॉपवर उतरवणे), ब्रँच (बदलांसाठी वेगळी शाखा), कमिट (बदलाची नोंद), पुश (ती नोंद परत वर चढवणे) आणि पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती) या क्रमाने आम्ही शिकवतो, आणि सराव म्हणून प्रत्येक जण आमच्याच एका रिपॉझिटरीतील (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यातील) यादीत स्वतःचे नाव घालून पुल रिक्वेस्ट पाठवतो. कार्यशाळा आवडल्याचे सगळेच सांगतात. रविवारी मात्र दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्या जणांच्या लॅपटॉपवर प्रकल्प चालूच होत नाही, ज्यांचा चालतो त्यांना झेपेल असा इश्यू (प्रकल्पात नोंदवलेली अडचण) मिळत नाही, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने जायला नको म्हणून दस्तऐवजातील एखादे स्पेलिंग सुधारून पाठवले जाते. गेल्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, काल तर सगळे जमले होते, मग आज काय झाले?’ मला उत्तर देता आले नाही. कार्यशाळेचा वेळ वाढवावा, की आमचे शिकवणेच चुकते आहे?

प्रतिसाद १

वेळ पुरेसा आहे. माझ्या मते सराव चुकीचा निवडला आहे. यादीत नाव घालताना दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचावा लागत नाही, चाचण्या चालवाव्या लागत नाहीत, आणि आलेली पुल रिक्वेस्ट तुम्ही हसतमुखाने लगेच मर्ज करत (मूळ कोडमध्ये सामील करून घेत) असल्याने परीक्षणाशी तर गाठच पडत नाही. रविवारी नेमक्या याच तीन गोष्टी समोर उभ्या राहतात. विहिरीच्या काठावर हातपाय हलवून दाखवले की पोहणे येत नाही, तसेच हे आहे.

जँगो या वेबसाइटी बांधण्याच्या पायथन प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजात पहिल्या योगदानासाठी एक पाठ आहे, त्याची पूर्वीची रीत उचलण्यासारखी आहे. तो पाठ नवख्याला आधीच सुटलेले तिकीट (म्हणजे इश्यू) द्यायचा; आता त्यात काल्पनिक तिकीट असते. ते सुटण्यापूर्वीच्या कमिटवर परत जायचे, अपेक्षित वर्तन सांगणारी चाचणी आधी लिहायची, ती नापास होते हे डोळ्यांनी पाहायचे, मग दुरुस्ती करायची आणि शेवटी आपली दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेलेल्या दुरुस्तीशी ताडून पाहायची. प्रश्न सुटू शकतो याची खात्री असते, किती वेळ लागेल याचा अंदाज शिक्षकाला असतो, आणि कोड मात्र शंभर टक्के खरा असतो. ज्या प्रकल्पावर रविवारी बसणार त्यातलाच, पाच-सहा ओळींत सुटलेला एखादा जुना इश्यू शोधून शनिवारचे दोन तास त्याला द्यावेत. त्यासाठी तुम्हाला आठवडाभर आधी बसून तो स्वतः सोडवून पाहावा लागेल, हे खरे.

तिसऱ्या तासाला तुमच्यापैकी एकाने परीक्षक व्हावे आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर किमान एक खरा बदल सुचवावा. त्याच ब्रँचवर दुसरा कमिट पुश केला की तीच पुल रिक्वेस्ट आपोआप अद्ययावत होते, ही साधी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बदल सुचवला गेला की ते जुनी बंद करून नवी उघडतात, किंवा आपले काम नाकारले गेले असे समजून गप्प होतात. हा धक्का ओळखीच्या माणसाकडून शनिवारीच बसलेला बरा.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत आहे; फक्त त्याआधी स्लाइड तपासा, असे सुचवेन. गिटहबने (जिथे हे प्रकल्प ठेवले जातात त्या संकेतस्थळाने) १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवरून खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले, तरी ‘आता पासवर्ड टाका’ असे सांगणारी स्लाइड मी त्यानंतरही पाहिली आहे. टोकन किंवा एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी साधने) तयार करणे हे कार्यशाळेपूर्वीचे काम आहे. दुसरी गल्लत ब्रँचच्या नावाची होते. गिटहबवर ऑक्टोबर २०२० पासून नव्या रिपॉझिटरीची मुख्य ब्रँच ‘मेन’ नावाने तयार होते, पण लॅपटॉपवरच्या गिटची (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची) मांडणी बदललेली नसेल तर तिथे ‘मास्टर’ बनते, आणि पुश करताना येणारा त्रुटीसंदेश वाचून नवख्याला काहीही बोध होत नाही. विंडोजवर ओळींच्या शेवटच्या अदृश्य खुणा बदलल्यामुळे एका ओळीची दुरुस्ती करूनही संपूर्ण फाइल बदललेली दिसते. तेही एकदा दाखवून ठेवावे.

गिटची ‘चेकआउट’ ही एकच कमांड ब्रँच बदलणे आणि फाइल पूर्ववत करणे अशी दोन वेगळी कामे करते. ऑगस्ट २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून त्यांसाठी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा स्वतंत्र कमांड आहेत. नवख्यांना त्याच शिकवाव्यात.

जाता जाता: कमिटमध्ये लिहिला गेलेला ईमेल पत्ता जगाला कायम दिसत राहतो. गिटहब त्याऐवजी वापरायला वेगळा पत्ता देते, हे विद्यार्थिनींना तरी पहिल्या कमिटच्या आधी सांगायलाच हवे.

प्रतिसाद ३

मी एका छोट्या पायथन प्रकल्पाची देखभाल करते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. स्प्रिंटच्या दिवशी आमच्याकडे अचानक वीस अनोळखी पुल रिक्वेस्ट येतात आणि त्यांतील चार एकाच इश्यूवर असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या उपक्रमाच्या टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा असा पूर आला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलून, सहभागी होऊ इच्छिणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. तेव्हापासून कित्येक देखभालकर्ते अशा उपक्रमांकडे साशंकतेने पाहतात. त्यामुळे आयोजकांनी दोन आठवडे आधी प्रकल्पाला कळवावे आणि ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांसाठी सोपे) हे लेबल लावलेल्या इश्यूंपैकी अजून खरोखर उघडे असलेले कोणते, हे विचारून घ्यावे. ते लेबल अनेकदा वर्षानुवर्षे तसेच राहते. इश्यूखालच्या चर्चेत दुरुस्ती आधीच झालेली असते किंवा वाद अडकलेला असतो.

प्रत्येक प्रकल्पाचे रीतिरिवाज वेगळे असतात, हेही शनिवारी शिकवावे. पांडाज या विदा-विश्लेषणाच्या पायथन प्रकल्पात इश्यूखाली केवळ ‘टेक’ एवढे लिहिले की तो आपोआप तुमच्या नावावर होतो. जँगोची तिकिटे तर गिटहबवर नसून ट्रॅक या वेगळ्या प्रणालीवर असतात. प्रकल्पाचे योगदानविषयक पान सर्वांनी मिळून मोठ्याने वाचण्यात अर्धा तास गेला तरी तो सत्कारणी लागेल.

इंग्रजीबद्दलही एक सांगते. मराठी माध्यमातून आलेली मुले कोडपेक्षा पुल रिक्वेस्टचे वर्णन लिहायला घाबरतात. काय बदलले, का बदलले आणि कसे तपासले, अशी तीन छोटी वाक्ये मला पुरतात. व्याकरणाची चूक काढायला मी बसलेली नाही. हे कोणीतरी त्यांना आधी सांगितले पाहिजे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. नाव घालण्याचा सराव बंद करतो आहोत आणि जुना सुटलेला इश्यू शोधायला आजच बसतो. एक अडचण उरते. सभागृहाचे वायफाय चाळीस जणांचे क्लोन एकाच वेळी पेलत नाही, आणि ‘घरून करून या’ असे कळवूनही निम्मे जण तसेच येतात. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद २

आहे. ‘गिट बंडल’ या कमांडने संपूर्ण रिपॉझिटरी एकाच फाइलमध्ये बांधता येते. ती चार-पाच पेन ड्राइव्हवर फिरवा आणि त्या फाइलवरूनच क्लोन करायला सांगा. त्यानंतर ‘ओरिजिन’ (क्लोन जिथून घेतला तो नोंदवलेला पत्ता) त्या फाइलकडे बोट दाखवत राहतो, म्हणून त्याचा पत्ता बदलून प्रत्येकाच्या स्वतःच्या फोर्कचा द्यायला विसरू नका. पायथनची पॅकेजेही ‘पिप डाउनलोड’ने आधी उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवता येतात, मात्र ती पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांनुसार वेगळी असतात, तेव्हा नोंदणीच्या अर्जातच या दोन्ही गोष्टी विचारून घ्या. प्रकल्पात सीचा किंवा सायथनचा कोड असेल, तर विंडोजवाल्यांना कंपायलरची मोठी स्थापना करावी लागते. ती पेन ड्राइव्हने भागत नाही. असा प्रकल्प पहिल्या वर्षी टाळलेलाच बरा.