मदत हवी आहे: फंक्शन स्मूथ, पण एकक गोलावर डेरिव्हेटिव्ह अमर्याद?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन दिवस एकाच गणितात अडकलोय. (मोबाइलवरून लिहितोय, चिन्हं जमत नाहीत, शब्दांत सांगतो.)

जागा एल-टू (ज्यांच्या पदांच्या वर्गांची बेरीज सांत असते अशा अनंत क्रमिका). फंक्शन असं: पहिलं पद, अधिक दुसऱ्याचा वर्ग, अधिक तिसऱ्याचा घन... न-व्या पदाचा न-वा घात. हे सगळीकडे अनंत वेळा फ्रेशे डिफरन्शिएबल (अशा जागेतलं नेहमीचं डेरिव्हेटिव्ह), म्हणजे स्मूथ आहे, असं दाखवायचंय.

एकक गोलात किंमत २ च्या वर जात नाही, कारण दुसऱ्या पदापासूनचे घात वर्गांपेक्षा मोठे होत नाहीत. इथवर खुशीत होतो. मग डेरिव्हेटिव्ह काढला. न-व्या जागी १, बाकी ० असा बिंदू घेतला तर तिथल्या डेरिव्हेटिव्हचा नॉर्म (लांबी) न पेक्षाही थोडा जास्त येतो! बंद, सीमित गोलावर संतत गोष्ट अमर्याद कशी? मित्र म्हणतो, फंक्शन स्मूथच नाही. प्रश्नच चुकलाय का?

प्रतिसाद १: प्रश्न बरोबर आहे, मित्र चुकलाय. बंद आणि सीमित म्हणजे कॉम्पॅक्ट (प्रत्येक क्रमिकेची एखादी उपक्रमिका आतल्याच बिंदूकडे जाते), ही सांत मितीतली सवय. तुझे ते बिंदू एकमेकांपासून वर्गमूळ २ इतके लांब, त्यांची एकही उपक्रमिका कुठे टेकत नाही. मग संततता त्यांना अडवणार कशी?

तू बहुतेक सगळ्या गोलाला एकच न लावायला गेलास. आधी बिंदू ठरव, मग त्याची पदं जिथून पुढे पावपेक्षा लहान होतात ती जागा शोध. त्या बिंदूभोवती पाव त्रिज्येच्या गोलात पुढची पदं अर्ध्याच्या आतच राहतात. क-व्या डेरिव्हेटिव्हला न चे क गुणक पुढे येतात, पण अर्ध्याचा (न–क)-वा घात त्यांना गिळतो. त्या छोट्या गोलात अभिसरण एकसमान (सगळ्या बिंदूंना एकच मर्यादा पुरते), काम झालं.

मूळ लेखक: जमलं! आणि न-व्या जागी २ ठेवला तर फंक्शनच २ चा न-वा घात होतं, म्हणजे २ त्रिज्येच्या गोलावर तेही अमर्याद. मग शून्याभोवतीच्या टेलर मालिकेचं काय?

प्रतिसाद १: अरे, तू लिहिलेली बेरीज हीच ती मालिका! प्रत्येक बिंदूवर अभिसरते, पण शून्याभोवतीच्या गोलावर एकसमान हवी असेल तर त्रिज्या १ पेक्षा कमीच ठेवावी लागते.