नवरा इटालियन, जर्मनीत राहण्याचं कार्ड अजून हातात नाही, नोकरी धरू का?

नमस्कार मंडळी,

लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय, गणपतीत मोदकांच्या टेबलावर होते तीच मी. झालंय असं की मास्टर्सनंतर नोकरी शोधायचं 18 महिन्यांचं परमिट मिळालं होतं ते आता संपत आलंय. मधल्या काळात लग्न केलं, नवरा इटालियन, इथेच जर्मनीत कारखान्यात नोकरीला आहे. लग्न डेन्मार्कला जाऊन केलं कारण इथल्या श्टांडेसआम्टने (लग्ननोंदणी ऑफिस) पुण्याचे दाखले भारतात तपासायला पाठवणार, मग अविवाहित असल्याचा कागद, मग वरच्या कोर्टाची सूट अशी यादी वाचून दाखवली, तोपर्यंत आम्ही म्हातारे झालो असतो. आता चांगली ऑफर आलीय पण एचआरवाली म्हणते परमिट दाखव नाहीतर फिक्शन (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता कागद) दाखव, आणि आउसलेंडरबेहोर्डेचा, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसचा, टर्मिन (भेटीची वेळ) मिळतोय तो थेट जानेवारीतला. आई रोज फोनवर विचारते, युरोपियन माणसाशी लग्न केलंस ना, मग आता कसला व्हिसा? कार्ड यायच्या आधी जॉइन झाले तर बेकायदेशीर ठरेल का?

श.

---

श., आधी अभिनंदन, आणि परस्पर उरकलंस त्याचं जेवण बाकी आहे.

जॉइन हो. तुझा कामाचा हक्क कार्डातून येत नाही, नवरा युरोपियन नागरिक आहे आणि स्वतःचा देश सोडून इथे काम करतोय यातून येतो. 2004/38 नावाचं युरोपियन डायरेक्टिव्ह आहे, त्याच्या कलम 23 मध्ये जोडीदाराला नोकरी किंवा स्वतःचा धंदा करता येतो असं सरळ लिहिलंय, आणि कलम 25 सांगतं की कार्ड हातात असणं ही हक्क वापरायची अट करता येत नाही. कार्ड फक्त पुरावा. ते अर्जापासून सहा महिन्यांत द्यायचं असतं, अर्ज केल्याची पावती मात्र लगेच.

आता मुद्द्याचं. अर्ज करणं आणि टर्मिन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बाई, जानेवारीची वाट बघत बसू नकोस. आजच ईमेलने आउफएन्टहाल्ट्सकार्टेचा, म्हणजे त्या कार्डाचा, अर्ज पाठव, सोबत तुझा पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, त्याचं इटालियन ओळखपत्र, दोघांचं एकाच पत्त्यावरचं अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंद), त्याचं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट. आणि शेवटी एक ओळ टाक की अर्जाची बेशाइनिगुंग, म्हणजे पावती, लगेच द्यावी. मागितल्याशिवाय देत नाहीत, हे इतक्या जणांचं बघितलंय. एखादी क्लार्क नवऱ्याचं फ्री मूव्हमेंटचं सर्टिफिकेट मागेल, ते जर्मनीने 2013 सालीच बंद केलंय.

एचआरचाही फार राग करू नकोस, कागद न तपासता कुणाला ठेवलं तर दंड कंपनीला बसतो म्हणून घाबरतात, पण तो नियम नेहमीच्या परमिटवाल्यांचा, तू त्या कायद्यात येतच नाहीस. अर्जाची प्रत, पावती आणि कलमांचे नंबर एकत्र पाठव. नाहीच ऐकलं ऑफिसने तर सॉल्विट म्हणून युरोपियन युनियनची फुकट तक्रार सेवा आहे, ऑनलाइन फॉर्म भरायचा.

(गल्लीतली) ताई

---

ताईंना दुजोरा. मी म्हापशाचा, पासपोर्ट पोर्तुगीज. आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यांची जन्मनोंद लिस्बनला लावून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि मग साहजिकच भारतीय पासपोर्ट सोडला. पूर्वी आमचे सगळे इंग्लंडात स्विंडनला जायचे, ब्रेक्झिटनंतर तो रस्ता बंद झाला म्हणून आम्ही इकडे. बायको कुडाळची, भारतीय पासपोर्ट. व्हिसाच्या काउंटरवर तिच्याकडे A1 चं (जर्मन भाषेची पहिली पायरी) सर्टिफिकेट मागितलं, आमच्या केसला ते लागतच नाही, व्हिसाची फी पण लागत नाही, तरी तासभर वाद. इथे आल्यावर ऑफिसातल्या बाईंनी माझा पासपोर्ट बघितला, तोंड बघितलं, परत पासपोर्ट बघितला. नवरा युरोपियन दिसला पाहिजे असं डायरेक्टिव्हमध्ये कुठे लिहिलेलं नाही हे मी जरा गोड आवाजात सांगितलं.

एक टीप, कार्डावर युरोपियन युनियनच्या नागरिकाच्या कुटुंबातील व्यक्ती असा उल्लेख आहे ना ते बघून घ्या, त्यावरच मग नवऱ्याबरोबर डब्लिनला वगैरे बिनव्हिसा जाता येतं.

---

मधेच घुसतेय, माझी मावसबहीण कोथरूडला असते, तिचा होणारा नवरा चक्क जर्मनच आहे. मग तर तिचं अजूनच सोपं ना?

---

उलट! जर्मन माणूस जर्मनीतच राहत असेल तर युरोपियन कायदा लागतच नाही, जर्मन कायदा लागतो. बहिणीला सांगा बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात A1 ला नाव घाल, मग फॅमिली व्हिसाची रांग. तो आधी हॉलंड किंवा स्पेनला नोकरी करत असता, तिथे दोघं एकत्र राहून मग परत आले असते तर गोष्ट वेगळी, ते 1992 च्या सुरिंदर सिंग केसमुळे. हा आपलाच भारतीय माणूस, बायको ब्रिटिश, दोघं जर्मनीत काम करून इंग्लंडला परतले आणि तिथल्या सरकारशी भांडून युरोपियन कोर्टात जिंकले. पुढे मात्र जर्मन नवऱ्याचा फायदा, परमिट मिळालं की पहिल्या दिवसापासून काम, आणि कायमचं परमिट साधारण तीन वर्षांत, श. ला त्यासाठी पाच थांबावं लागेल.

श., एक कडू बोलतो, नवीन लग्न आहे, राग मानू नकोस. तुझा हक्क नवऱ्याच्या शेपटीला बांधलेला आहे. तो उद्या मिलानला परत गेला आणि तू इथे राहिलीस तर पाया हलतो. घटस्फोट झाला तर लग्न किमान तीन वर्षं टिकलेलं आणि त्यातलं एक इथे काढलेलं लागतं, छळाच्या केसमध्ये सवलत आहे. म्हणून या नोकरीचा पगार ब्लू कार्डात (शिकलेल्या नोकरदारांचं स्वतंत्र परमिट) बसत असेल तर स्वतःच्या नावावर तेही करता येतं का हे वकिलाला विचारून घे.

काका

---

काका, राग कसला, नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला मिलानला आईकडे राहायला मी नाही जाणार. अर्ज काल रात्रीच पाठवला, ऑटोमॅटिक रिप्लाय आलाय तो धरून एचआरला मेल केली. वकिलाचं विचारतेच. जॉइन होईपर्यंत पगार नाही, तर नवऱ्याच्या क्रांकेनकासेत (आरोग्य विम्यात) फुकट बसता येतं का?

श.

---

बसता येतं, त्याचा सरकारी विमा असेल तर, त्याला फामिलीएनफरझिशरुंग म्हणजे कुटुंबाचा विमा म्हणतात. नोकरी लागली की तुझा स्वतःचा सुरू होतो. आणि ऑटो रिप्लायवर थांबू नकोस, ती पावती नव्हे. सोमवारी परत मेल टाक, आणि अर्जाचे कागद छापून ऑफिसच्या पेटीत पण टाक. ओरिजिनल सर्टिफिकेट मात्र घरीच ठेव, ते टर्मिनला दाखवायचं.

ताई