मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये सेंटर बॅकनं पुढं कधी जायचं आणि डिफेन्सची लाइन कधी धरायची?

मंडळी, कोल्हापुरात पेठेच्या टीमकडनं खेळतोय, आत्तापर्यंत राइट बॅक होतो, या सीझनला कोचनी सेंटर बॅकला, म्हणजे गोलसमोर मधोमध डिफेन्सला टाकलंय. हेडर, टॅकल ठीक आहे, पण समोरचा स्ट्रायकर खाली बॉल घ्यायला गेला की त्याच्या मागं जायचं का थांबायचं हेच कळंना. गेलो तर मागं मोकळी जागा आणि त्यांचा विंगर सुसाट आत, नाही गेलो तर तो आरामात वळून पास सोडतोय.

दुसरं, दोघांसमोर एकटा सापडलो तर? २०१९ च्या लिव्हरपूल-टॉटनहॅम मॅचला टॉटनहॅमचे सिसोको आणि सोन दोघं अंगावर आलेले, लिव्हरपूलचा सेंटर बॅक व्हॅन डाइकनं सोनकडचा पास बंद ठेवून सिसोकोला डाव्या पायानं मारायला लावलं, बॉल बारवरनं गेला. बघायला सोपं वाटतंय ओ, पण उलटं पळताना अंग कुठल्या बाजूला ठेवायचं?

जोडीदार सिनियर आहे पण मॅचमध्ये तोंडच उघडत नाही. लाइन वर घ्यायची हाक कुणी द्यायची, आम्ही का गोलकीपरनं?

कोण या जागेवर खेळलेलं असेल तर सांगा, दोघांतिघांत करता येणारी ड्रिल असली तर लई भारी.