मदत हवी आहे: ट्रायम्फ स्पिटफायर १५००, ओव्हरड्राइव्ह, लांब डिफरन्शियल की आधी ट्यूनिंग?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहतो. माझ्याकडे १९७८ची स्पिटफायर १५०० ही दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. १४९३ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे कमी करणारा जोड) नाही. मला ती शेडमध्ये झाकून ठेवायची नाही. उन्हाळ्यात रोज कामावर न्यायची आहे आणि माझा बराचसा रस्ता एम१ मोटरवेचा आहे. मिशेलॉत्तीने आखलेली ही एवढीशी गाडी डर्बीशरच्या वळणांवर अशी पळते की दुसरी गाडी नकोशी वाटते. त्यामुळे तिचा स्वभाव तसाच राहायला हवा.

ताशी ७० मैलांवर (जीपीएसचा वेग) इंजिन ३,८५० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास फिरतं. ॲव्हरेज गॅलनला २७-२८ मैल, म्हणजे लिटरला दहा किलोमीटरही नाही. हलका ॲक्सिलरेटर असला की गाडी अडखळते, दाबला की सरळ ओढते. गरम इंजिन पेट्रोल पंपावर बंद केलं की लगेच सुरू व्हायला त्रास देतं. आणि पेट्रोलपेक्षा मोठी काळजी इंजिनची आहे: स्ट्रोक (पिस्टनची धाव) लांब, ८७.५ मिमी आणि क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला) आधाराचे मेन बेअरिंग तीनच. तासन्‌तास चढ्या आरपीएमवर पळवायला हे इंजिन नाही.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. लेकॉकचा जे-टाइप ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स. त्याचं गुणोत्तर ०.७९७, म्हणजे ३,८५०चे साधारण ३,०७० होतील. दुसरी, सध्याच्या ३.६३ गुणोत्तराच्या डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना शक्ती पोचवणारी गिअरची पेटी) जागी ट्रायम्फच्याच जीटी६ गाडीचा ३.२७चा, आरपीएम ३,४७०पर्यंत उतरतील आणि खर्च कमी. तिसरी, अडॅप्टर लावून फोर्डचा पाच-गिअरी टाइप ९ बॉक्स. बजेट एका वेळी एकाच मोठ्या कामाचं आहे. आधी काय करू?

प्रतिसाद १

तिन्ही थांबवा. हलक्या ॲक्सिलरेटरवर अडखळते आणि दाबल्यावर ठीक, हे लक्षण गिअरिंगचं नाही. तुमच्या डिस्ट्रिब्युटरवर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्युम ॲडव्हान्सचा, म्हणजे इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारा डबा असेल, तर त्याची नळी काढून तोंडाने ओढून पाहा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि नळीवर जीभ धरली की जागेवर टिकली पाहिजे. नाही टिकली तर पडदा फाटलाय. सम वेगात जाताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच जातं आणि ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. तो ॲडव्हान्स मिळाला नाही की मोटरवेवर पेट्रोल नुसतं वाया जातं.

मग कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडल (हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्या). हाताने वर-खाली हलवून ढिल्या लागल्या तर तिथून हवा शिरते. ती हवा झाकायला कोणीतरी मिश्रणात पेट्रोल वाढवून ठेवलेलं असतं आणि मग एकही सेटिंग धड लागत नाही. दोन्ही कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधलं (वरच्या घुमटातलं) तेलही बघा. शेवटी चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा. मागचे व्हील सिलिंडर गंजून अडकले असतील तर ब्रेक कायम घासत राहतात.

गरम इंजिनच्या त्रासाबद्दल: सप्टेंबर २०२१पासून तिकडचं साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे. सुपर ई५ भरा आणि जुने रबरी पाइप इथेनॉल सहन करणारे घालून घ्या. पाइपाची वाट एक्झॉस्टपासून लांब न्या.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. ट्यूनिंगनंतर मात्र ओव्हरड्राइव्हच घ्या. ३.२७ने चारही गिअर लांब होतात (त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं, पण ओढ कमी होते), पहिलासुद्धा. डर्बीशरच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये, अर्ध्या क्लचवर गाडी उठवायची म्हणजे क्लच जाळणं आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये खालचे गिअर आहेत तसेच राहतात. शिवाय तो तिसऱ्यालाही लागतो आणि वळणाच्या रस्त्यावर तिसरा आणि तिसरा-ओव्हरड्राइव्ह हा खेळ या गाडीचं सगळ्यात मोठं सुख आहे. टाइप ९ चांगला बॉक्स आहे, पण गाडी जमेल तेवढी मूळ स्वरूपात राहावी असं मला वाटतं. स्पिटफायरचा गिअरबॉक्स केबिनमधून, टनेलचं झाकण काढून निघतो, त्यामुळे काम घरी होण्यासारखं आहे. प्रॉपेलर शाफ्ट मात्र आखूड लागेल, तो बॉक्सबरोबरच मागून घ्या.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नळी ओढून पाहिली, प्लेट जागची हलली नाही. नवा डबा मागवलाय. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकही घासतोय, तो सिलिंडर या आठवड्यात बदलतो. स्पिंडल मात्र घट्ट आहेत.

आता एकच विचारतो. जवळच एकाकडे जुना जे-टाइप बॉक्स विकायला आहे, गाडीतून काढून ठेवलेला. बाकावर ठेवलेल्या बॉक्सचा सोलेनॉइड (विजेने ओव्हरड्राइव्ह लावणारा भाग) १२ व्होल्ट देऊन तपासता येईल, पण ओव्हरड्राइव्हच्या आतला शंकूच्या आकाराचा कोन क्लच घसरतोय की नाही हे गाडीत न बसवता ओळखता येतं का? तळाचं झाकण काढून गाळणी पाहिली तर काही अंदाज येईल का? कोणी असा बॉक्स खोललेला असेल तर कृपया सांगा, विकणारा शनिवारपर्यंत थांबायला तयार आहे.